भिंतीवरून टाकलेली तार

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं पडद्याच्या वरच्या काठावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि पुढं दोन महिने त्याच्या जवळपासही फिरकली नाही. चुकीचं बटण दाबलं की आतलं सगळं जळून जाईल, असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, फक्त मी ते कुणाला सांगत नव्हते. मशीन दादाचं होतं. औरंगाबादला शिकून आल्यावर त्यानं परभणीत घरीच अर्ज, बायोडाटा, प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून द्यायचं काम सुरू केलं होतं. वर्षभरात त्याला पुण्याला नोकरी लागली. जाताना म्हणाला, "गिरजा, आता हे तुझं." मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मशीन पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत आलं, त्याच्यावर आईच्या जुन्या लुगड्याची खोळ आली, आणि त्याच्या शेजारी तो प्रिंटर, जो कागदावरून करवत चालवल्यासारखा आवाज करत पुढं-मागं धावायचा. दुपारी गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी सुरू झाली की दोन्ही आवाज एकात एक मिसळायचे आणि अप्पा झोपेतून उठून विचारायचे, "दळण हाय का प्रिंट हाय?"

आम्ही मूळचे सोनपेठचे. अप्पांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि त्यांच्या सदऱ्याला कायम औषध लावलेल्या कपाशीच्या बियांचा वास यायचा. घरात सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी पाणी पीत नसे. आई चुलीशेजारी स्टोव्ह असूनही भाकरी चुलीवरच करायची, आणि भाकरी थापतानाच्या तिच्या हाताच्या आवाजावरून मला तिचा राग-लोभ कळायचा. शेजारच्या घरात सोनकांबळे सर राहत. ते कॉलेजात आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची बायको सिंधूकाकू नर्स होती, आणि मुलगी प्रज्ञा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांत एकच भिंत होती, छातीइतकी उंच. त्या भिंतीवरून आई आणि काकू कढीपत्ता, लोणचं, तापाच्या गोळ्या एकमेकींना द्यायच्या. आई वाईट नव्हती, असं लिहायला माझा हात सहज पुढं जातो. पण प्रज्ञासाठी आमच्या कोनाड्यात वेगळा काचेचा ग्लास होता, आणि ती मधल्या खोलीच्या पुढं कधी आली नाही, हेही लिहायला पाहिजे. प्रज्ञानं तो ग्लास कधीच ओळखला होता. पाणी पिऊन झालं की ती तो स्वतःच पुन्हा कोनाड्यात ठेवायची.

सरांनी हैदराबादहून कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. त्यावर ते जमिनीतल्या ओलाव्यावरचा आपला पीएचडीचा प्रबंध लिहीत होते. प्रिंटर त्यांच्याकडं नव्हता. प्रकरण फ्लॉपीवर घ्यायचं, प्रज्ञानं ती आमच्याकडं आणायची आणि मी छापायची, असं चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या मशीनचा फ्लॉपी वाचायचा भाग बिघडला. परभणीत तो दुरुस्त करणारा कुणी नव्हता. सर म्हणाले, "दोन्ही मशीनच्या मागं सारखंच एक तोंड हाय. तारेनं जोडली तर फ्लॉपीच नको." पंचवीस टाचण्यांचं ते तोंड दादानंही कधी वापरलेलं नव्हतं. दादाच्या मशीनला काही झालं तर काय, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण प्रज्ञा तोवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तीन पदरी तार आणि दोन प्लग कथलाची डाक मारून घेऊन आली होती. आम्ही तार आमच्या खिडकीतून काढली, भिंतीवरून टाकली आणि त्यांच्या खिडकीतून आत घेतली.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. मी इकडं अक्षर दाबायची, ती तिकडं रिकामा पडदा बघायची. मग ती भिंतीशी येऊन ओरडायची, "आलं न्हाई!" सरांनी आम्हाला एक युक्ती दाखवली. मशीनच्या ज्या टाचणीतून बोलणं बाहेर जातं आणि जिच्यातून आत येतं, त्या दोन्हींना केसांचा आकडा टेकवून धरायचा. आपलंच अक्षर आपल्याच पडद्यावर परत आलं तर आपलं मशीन ठीक. मागं हात घालून आकडा टेकवताना झटका बसेल म्हणून मी डोळे घट्ट मिटले होते. झटका बसला नाही, आणि डोळे उघडले तर माझं अक्षर परत आलेलं. तिकडं प्रज्ञाचंही आलं. म्हणजे दोष तारेत. शेवटी प्रज्ञाच्याच लक्षात आलं. आम्ही लाल पदर दोन्हीकडं बोलायच्या टाचणीला लावला होता आणि काळा दोन्हीकडं ऐकायच्या. "आपण दोघी तोंडाला तोंड लावून बसलोत गं," ती म्हणाली, "कान कुणाचाच न्हाई." एका बाजूचे पदर उलटे केले. मग अक्षरं आली, पण मेंदूला मुंग्या आल्यासारखी, नुसती चिन्हं आणि चौकटी. त्यात आणखी एक दिवस गेला. दोन मशीनचा वेग वेगवेगळा ठेवलेला होता. तो सारखा केला आणि काळ्या पडद्यावर हिरव्या रंगात, इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'चहा झाला का'. मी अंगणात धावत गेले आणि ओरडून सांगितलं की झाला नाही.

परवा मुलानं फोनवरून मला नातीचा फोटो पाठवला, तोही आमच्याच घरातल्या दुसऱ्या खोलीतून. त्या तीन शब्दांनी आम्हाला काय झालं होतं, ते त्याला समजावून सांगता येणार नाही. तेव्हा मी तर निरोपांसाठी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत तीस ओळींचा प्रोग्रॅमच लिहिला. प्रबंधाची पानं त्याच तारेनं यायची आणि अधूनमधून आमच्या गप्पाही. निरोप आला की माझं मशीन टूं करून वाजायचं, म्हणजे मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळावं. पाच प्रकरणं अशी आली.

मग हवा बदलली. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता होणार, असं सगळे म्हणायला लागले. मी लहान असताना याच नावावरून गावागावांत काय झालं होतं, ते आमच्या घरात कुणी उघड बोलत नसे. फक्त अप्पा कधीतरी म्हणायचे, "त्या साली लय वंगाळ झालं," आणि उठून दुकानात जायचे. प्रज्ञाला ते सगळं माहीत होतं. बोरीजवळच्या त्यांच्या गावात तिच्या आत्याचं घर जळालं होतं. ती एकदा मला म्हणाली, "आपल्या दोघींच्या डिग्रीवर ते नाव येणार बघ." मला त्याचं काय वाटलं, ते मला आता आठवत नाही. पण मी मागं वळून दार लावलेलं आहे का ते बघितलं, हे आठवतं.

येळवस, म्हणजे शेतातल्या पूजेची वेळ अमावास्या, नुकतीच झालेली होती. शेतातून आलेली अंबील अजून घरात होती आणि आई संक्रांतीचे तीळ निवडत होती. गल्लीतली माणसं कोपऱ्यावर घोळक्यानं उभी राहू लागली. आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. काकू दवाखान्यातून रोज लवकर घरी येऊ लागल्या. सरांनी गावाला जायचं ठरवलं आणि सगळ्यांना तसं सांगितलंही. पण एसटी बंद झाल्या होत्या. स्टँडवर चार तास बसून पहाटे ते तिघं मागच्या बोळातून परत आले. अप्पांनी त्यांना त्यांच्या घरात जाऊ दिलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या बंडीच्या खिशात ठेवली. "लोकायला वाटू द्या गावाला गेले म्हणून," ते सरांना म्हणाले. "दिवा लावू नका. स्टोव्ह पेटवू नका. काय लागलं तर पोरीला तारेवर सांगा." अप्पा आयुष्यात कधी एवढं धाडसानं वागलेले मी पाहिले नव्हते. कुलूप नीट लागलं का ते त्यांनी तीनदा ओढून बघितलं, तेही पाहिलं.

त्यानंतर दोन दिवस ते घर आमच्याशेजारी श्वास रोखून उभं होतं. आई भाकऱ्यांचं फडकं कपडे वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीपलीकडं सोडायची. मी मशीनसमोरून हलत नव्हते. वीज गेली की मी त्यांच्या बंद खिडकीकडं बघत बसायची, कारण तेवढा वेळ ते तिघं जिवंत आहेत का हेसुद्धा कळत नसे. वीज आली की मी आधी विचारायची, 'आहेस?' आणि ती उत्तर द्यायची, 'आहे'. आम्ही दुसरं काही फारसं बोलत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, आमचं दार वाजलं. कोपऱ्यावर राहणारे वसंतराव आणि त्यांच्यासोबत दोन तरणी पोरं. पोरं आमच्या ओळखीची नव्हती. अप्पांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मी मधल्या खोलीत, दाराच्या पडद्याआड.

"अप्पा, ही वायर कशाची हो?" वसंतराव म्हणाले. "तुमच्या खिडकीतून निघून मास्तरच्या घरात चाललीय."

"अर्थिंग हाय," अप्पा म्हणाले. "पोरीच्या मशिनीला करंट मारायलाय. भितीपल्याड वल्या मातीत पुरलीय."

"मास्तर गावाला गेलेत म्हणं."

"गेले की. कुलूप दिसंना का?"

"दिसायलंय. पण ही पोरं म्हणायलेत, आत कुणीतरी खोकललं."

तेवढ्यात माझं मशीन टूं वाजलं. पडद्यावर आलं, 'आवाज कुणाचे?'

"काय वाजलं?" एका पोरानं विचारलं.

"मशीनच. पोरगी शिकायलीय त्याच्यावर," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

पुन्हा टूं. 'गिरजा, कोण आहे?' मी मागं हात घातला आणि तार ओढून काढली.

प्रोग्रॅम थांबवून त्यातली एक ओळ पुसली असती तरी आवाज बंद झाला असता आणि तार राहिली असती. तेव्हा ते सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. पण त्या क्षणी मला आमच्या घरातून त्या घरात जाणारं काहीच नको होतं. ते पोरगं पडदा बाजूला करून आत आलं असतं आणि ती हिरवी अक्षरं वाचली असती, तर आम्हीही त्यांच्यातलेच ठरलो असतो. मला तेच नको होतं. मी हातात प्लग घेऊन बसले. पुढच्या खोलीत बोलणं चाललंच होतं. चहा झाला. आईनं तो स्वतः नेऊन दिला. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. त्या वेळात पलीकडं प्रज्ञा काय लिहीत असेल, याचा विचार मी एकदाही मनात येऊ दिला नाही.

जाताना वसंतराव म्हणाले, "अप्पा, तुमच्यावर आमचा भरवसा हाय. पण वायर नको. लोकायला शंका यायलीय." आणि अप्पा काही बोलायच्या आत एक पोरगं मागं अंगणात गेलं, भिंतीवर चढलं आणि तारेला दोन्ही हातांनी झटका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती तुटली. अप्पा दारात उभे होते. 

ते गेल्यावर आई आत आली, माझ्या हातातला प्लग बघितला आणि काही न विचारता म्हणाली, "लाव." मी लावला. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. काही येईना. आता लिहिताना हसू येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. तार तुटलेली आहे हे खिडकीतून डोळ्यांनी पाहिलेलं असूनही मी केसांतला आकडा काढला, प्लग सोडवला आणि आकडा टाचण्यांना टेकवून आधी आपलं मशीन तपासलं. कारण तेवढंच मला येत होतं. माझं अक्षर परत आलं. तेव्हाच गल्लीच्या टोकाकडून आवाज ऐकू आला. घोषणा होत्या, पण शब्द कळत नव्हते. गिरणी बंद होती, म्हणून तो आवाज फार स्वच्छ येत होता.

"आई, तार जोडावी लागंल. अंगणात."

"चल," आई म्हणाली. तिनं बादलीत भिजवलेलं नऊवारी लुगडं न पिळताच उचललं आणि दोरीवर भिंतीपासून पुढं असं पसरलं की गल्लीतून अंगणाचा तो कोपरा दिसेनासा झाला. मग दुसरं लुगडं. मग अप्पांचं धोतर. मी त्याच्या मागं भिंतीशी बसले. तारेचं पलीकडचं टोक भिंतीवरून लोंबत होतं. ते माझ्या टोकापर्यंत जेमतेम पोचत होतं. आवरण मी दातानं सोललं. लालला लाल, काळ्याला काळा, हिरव्याला हिरवा. काळा पदर दोनदा सुटला. लुगड्यातून थंड पाणी माझ्या पाठीवर गळत होतं आणि आई मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्यावर ओरडत होती, "कपडे वाळत घालायचं सांगावं लागतंय काय गं तुला!"

मी आत धावले, प्लग पुन्हा लावला आणि लिहिलं, 'आहेस?'

काही नाही. पुन्हा लिहिलं. तारेत काय चुकलं याचा विचार करायला लागले, आणि मग वाटलं, तार बरोबर असेल. तीच लिहीत नसेल. आम्ही त्यांना सोडलं असं समजून ती उठून गेली असेल. मी एकामागून एक लिहीत राहिले. 'आहेस? मी आहे. आहेस?' मग एक एक अक्षर आलं. 'आमच्या मागच्या दाराशी कुणी आहे का बघ.' मी आईकडं पाहिलं. आईला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं अंगणात जाऊन बोळ बघितला आणि परत येऊन म्हणाली, "न्हाई कुणी. ये म्हन. आत्ता ये म्हन, तिघायलाबी."

ते ओल्या कपड्यांच्या आडून भिंतीवरून आले. आधी प्रज्ञा, मग काकू, शेवटी सर. सरांच्या हातात कागदांची पिशवी होती आणि पायांत एकच चप्पल. आई त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली, सगळ्यांत आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत, आणि मधलं दार लावलं. जमाव आला तेव्हा आम्ही पाचजण चुलीपाशी जमिनीवर बसलो होतो. अप्पा पुढच्या दारात. कुलूप तोडल्याचा आवाज आला, मग काचांचा. मग काहीतरी जड पडलं आणि फुटलं. सर हळूच म्हणाले, "मशीन गेलं." काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. प्रज्ञा माझ्याकडं बघत नव्हती. मग बाहेर रबर जळाल्याचा वास आला, ती सरांची स्कूटर. पोलिसांची गाडी संध्याकाळी आली.

पाच प्रकरणं माझ्या मशीनमध्ये सुखरूप होती. सहावं गेलं, ते सरांनी हातानं पुन्हा लिहिलं आणि मी टाइप केलं. पुढचे पंधरा दिवस ते तिघं आमच्याकडं राहिले. अप्पा येईल त्याला सांगायचे, "माझ्या पोरीनं दातानं तार सोलून जोडली म्हणून ही माणसं वाचली." सर माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. काकू रडायच्या. तार त्या पोरानं तोडली, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या आधी ती कुणी काढली होती, हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि आई कुणाला सांगणारी नव्हती. मी ते कौतुक घेतलं. 

उन्हाळा लागल्यावर सरांनी रेल्वे स्टेशनपलीकडं, आपल्या माणसांच्या वस्तीत घर घेतलं. गल्लीत कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी प्रज्ञाला भिंतीशी बोलावलं. सकाळपासून मी ते वाक्य मनात घोकत होते.

"प्रज्ञा, त्या दिवशी तार..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"त्या पोरानं तार तोडली ते मी खिडकीच्या फटीतून बघितलं. तू त्याच्या लय आधी गप झाली होतीस. मी विचारत होते, विचारत होते. बाबा म्हणाले, मशीन बिघडलं असंल. मी म्हणाले, हो."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तू सांगतीस का, ते बघायलते."

मी म्हणाले, मी भ्याले होते. ती म्हणाली, "मीबी भ्याले होते." मग काकूंनी हाक मारली. प्रज्ञा जाताना रागावलेली नव्हती आणि हसलीही नाही. "पत्र टाक," एवढंच म्हणाली. एकाच गावात, चालत अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलीला पत्र टाकायचं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

टेम्पो गेल्यावर मी घरात आले, प्रिंटरवरची खोळ काढली आणि पुन्हा घातली. छापलेलं पत्र नको होतं. वहीतलं पान फाडून शाईच्या पेनानं पहिल्याच ओळीत लिहिलं की तार मी काढली होती. तिला ते माहीत होतं. तरी लिहिलं.